रिकामं पोट, तापलेलं डोकं

संध्याकाळच्या बदलापूर किंवा कर्जत लोकलने रोज जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. गर्दी सकाळीही असते आणि संध्याकाळीही. सकाळी धक्का लागला तर माणूस खांदा आत घेतो, फार तर "जरा सरकून घ्या हो" म्हणतो. तोच माणूस संध्याकाळी, गाडीने ठाणं सोडलं की, चौथ्या सीटवरून, पाठीवरच्या बॅगेवरून, दारात उभं राहण्यावरून हमरीतुमरीवर येतो. घरात पाऊल टाकल्यावरचा पहिला अर्धा तासही नाजूक असतो. मुलाच्या अभ्यासावरून आवाज चढतो, टीव्हीच्या आवाजावरून कटकट होते. जेवण होऊन तासभर गेला की त्याच माणसाला मघाचं भांडण क्षुल्लक वाटू लागतं.

याला दिवसभराचा थकवा, उकाडा, कार्यालयातला ताण अशी कारणं दिली जातात आणि ती खरीही आहेत. पण त्यांच्या जोडीला घड्याळाचा हिशेब करून पाहावा. डबा खाल्ला दुपारी एकला. चारला चहा, सोबत दोन बिस्किटं. साडेसहाला सुटका. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, म्हणजे लोकलने दीड-पावणेदोन तास. पुढे रिक्षाची रांग, वाटेत भाजी, घरी हात-पाय धुणं. पानावर बसायला नऊ वाजतात. दोन जेवणांमध्ये आठ तास गेलेले असतात आणि त्यातला सर्वांत गैरसोयीचा भाग नेमका शेवटी येतो.

अन्न आणि मनाचा विषय निघाला की आपल्याकडे सात्त्विक-तामसी पदार्थांची यादी तरी सुरू होते, नाहीतर 'स्मरणशक्तीसाठी बदाम' तरी येतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या चाकरमान्यांना मात्र आधी दोन साधे प्रश्न विचारायला हवेत, असं मला वाटतं. दोन खाण्यांत किती वेळ जातो? आणि मेंदूला लागणारं नेमकं काय आपल्या ताटातून वर्षानुवर्षं गायब आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट कळली तर उरलेल्या यादीतलं बरंचसं आपोआप गळून पडतं.

साखर संपलेली नसते

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्याचं नेहमीचं इंधन ग्लुकोज. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागतं, आणि स्नायूंसारखा मोठा साठा करून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. रक्तातून सतत पुरवठा व्हावा लागतो.

म्हणून आपण सहज म्हणतो, "माझी शुगर डाउन झाली." निरोगी माणसाच्या बाबतीत हे बहुधा खरं नसतं. यकृतात ग्लुकोजचा साठा असतो. जेवणाला उशीर झाला की यकृत त्यातून रक्तात थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतं. रात्रभराचा उपास आपण याच साठ्यावर काढतो. संध्याकाळी आठ वाजता, डोंबिवलीजवळ खोळंबलेल्या गाडीत, त्या माणसाचं रक्त तपासलं तर ग्लुकोज बहुतेक वेळा ठीकठाकच निघेल.

मग चिडचिड का? कारण हा पुरवठा चालू ठेवण्यासाठी शरीर जे निरोप पाठवतं, ते निरोपच मनाला अस्वस्थ करणारे असतात. जठर रिकामं झालं की त्यातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. यकृताला साखर सोडायला लावण्यात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल यांचाही वाटा असतो, आणि संकटात लढायला किंवा पळायला शरीर सज्ज होतं तेव्हाही हीच दोन संप्रेरकं कामाला लागतात. छाती थोडी धडधडते, स्नायू ताठतात, लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. शरीराने तयारी केलेली असते अन्न शोधण्याची. डब्यात अन्न नसतं, समोर असते ती शेजाऱ्याच्या बॅगेची टोचणारी कड.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये या विषयावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांपैकी काहींना खाऊन, तर काहींना उपाशीपोटी बोलावलं. काहींकडून आधी स्वतःच्या भावनांविषयी लिहून घेतलं. मग सगळ्यांना संगणकावर एक कंटाळवाणं काम दिलं, तो संगणक मुद्दाम बंद पाडला आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला. भुकेले विद्यार्थी जास्त चिडले. पण ज्यांनी आधी आपल्या मनात डोकावून पाहिलं होतं, ते भुकेले असूनही तितके चिडले नाहीत. म्हणजे भूक एकटी भांडण लावत नाही. भूक, भोवतालची गैरसोय आणि 'आपण भुकेलेलो आहोत' याचा विसर, या तिन्ही गोष्टी जमून आल्या की ठिणगी पडते. संध्याकाळच्या लोकलमध्ये त्या रोज जमून येतात.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर खरोखरच घसरू शकते. ती ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळलेपण आणि विनाकारण राग ही तिची लक्षणं असतात. अशा सहप्रवाशाशी वाद घालू नये. तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर आधी साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत द्यावं.

उपाशी मनाची अवस्था आपल्या पूर्वजांनीही टिपलेली आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस फक्त पाण्यावर राहायला सांगतात आणि सोळाव्या दिवशी वेद म्हणायला लावतात. त्याला काहीच आठवत नाही. मग तो जेवतो आणि सगळं परत येतं. मन अन्नातूनच घडतं, हे मुलाला अनुभवाने पटवण्याची ती पद्धत होती. आज आपल्याला ठाऊक आहे की उपास दोन-तीन दिवसांपलीकडे गेला की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं आणि मेंदू बराचसा त्यांवर चालू लागतो. तरीही दीर्घ उपासमारीत मन बदलतंच. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या लोकांना कसं सावरायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ते तरुण उदास झाले, एकमेकांना टाळू लागले, तासन्‌तास पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. त्यांचा स्वभाव बदलला होता आणि त्याचं कारण फक्त ताटातलं अन्न हे होतं.

वडापावनंतर काय होतं?

बदलापूरला उतरल्यावर जिन्याखालच्या गाडीवरचा वडा तळणीतून निघत असतो. तो खावासा वाटणं यात काही चूक नाही. शरीर झटपट ऊर्जा मागतं आणि वडापावात ती भरपूर असते. प्रश्न त्यापुढचा आहे. 'गोड किंवा पिठूळ खाल्लं की मूड सुधारतो' हा समज कितपत खरा?

या समजामागे एक खरी शरीरक्रिया आहे. मन स्थिर ठेवण्यात ज्याचा वाटा असतो ते सेरोटोनिन मेंदूत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं. ट्रिप्टोफॅन आपल्याला डाळी, दूध, अंडी, मासळी यांतून मिळतं. पण रक्तातून मेंदूत जायच्या दारात मोठी चुरस असते. सकाळी बदलापूर स्थानकात गाडी लागली की दाराशी जे होतं, तेच तिथे होतं. त्याच दारातून आत जायला इतरही पाच-सहा प्रकारची अमिनो आम्लं टपलेली असतात, त्यांची संख्या जास्त असते आणि ट्रिप्टोफॅन बिचारं मागे राहतं. आपण भात-पाव-साखर खाल्ली की इन्सुलिन वाढतं आणि ते या बाकीच्या मंडळींना स्नायूंकडे वळवतं. गर्दी पातळ होते. ट्रिप्टोफॅनला आत जायला वाट मिळते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत रिचर्ड वर्टमन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून 'गोड खा, आनंदी व्हा' ही कल्पना पसरली.

गोष्ट इथेच थांबती तर बरं झालं असतं. जेवणात थोडीशी प्रथिनं असली तरी बाकीची अमिनो आम्लं पुन्हा दारात येतात आणि वाट बंद होते. वड्यातलं बेसन, पावातल्या गव्हाची प्रथिनं एवढंही त्याला पुरतं. शिवाय २०१९ मध्ये ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात १,२५९ माणसांची माहिती होती. पिठूळ-गोड खाल्ल्याने मनःस्थिती सुधारते असं त्यात कुठेच दिसलं नाही. उलट अर्ध्या तासात थकवा आणि तासाभरात सुस्ती वाढलेली आढळली. वडापावने भूक शमते, भुकेची चिडचिड शमते, म्हणून आपल्याला बरं वाटतं. आनंदाचं कोणतंही खास रसायन त्यात नाही.

म्हणून माझं मत असं की वडापाव वाईट नाही, त्याची वेळ चुकलेली आहे. साडेसहाला गाडी पकडण्याआधी चणे-शेंगदाण्याची एक पुडी खाल्ली तर प्रथिनं आणि तंतूंमुळे ती हळूहळू पचते, आणि डोंबिवलीपर्यंत जठराची ओरड सुरू होत नाही. रात्री नऊच्या जेवणावर तुटून पडावं लागत नाही, हा आणखी एक फायदा.

पहाटे साडेचारला उठणाऱ्यांसाठी झोपेचंही एक कलम यात आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तृप्तीचं संप्रेरक लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भुकेचं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. अपुऱ्या झोपेच्या दिवशी फरसाणाच्या पिशवीत हात वारंवार जातो, त्यात इच्छाशक्तीपेक्षा या संप्रेरकांचा भाग मोठा असतो.

पुण्यातल्या पाहणीने काय दाखवलं

आता दुसरा प्रश्न: वर्षानुवर्षं काय कमी पडतंय? याचं सर्वांत ठोस उत्तर महाराष्ट्रातच सापडलं आहे आणि ते पुरेसं लोकांपर्यंत पोचलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं मधुमेह आणि पोषण यांवर संशोधन करत आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन, वरकरणी धडधाकट पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. काही खेड्यांतले होते, काही शहरातल्या झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. सर्वांत वाईट स्थिती होती ती मध्यमवर्गाची. त्यांच्यात हे प्रमाण ८१ टक्के होतं. ज्यांच्या घरी फ्रीज भरलेला, त्यांच्याच रक्तात हे जीवनसत्त्व सर्वांत कमी! शाकाहारी पुरुषांमध्ये कमतरतेची शक्यता, वरचेवर मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत, चौपटीहून अधिक होती.

बी-१२ हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त काही जिवाणू. गाई-बकऱ्यांच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, तिथून ते मांसात आणि दुधात उतरतं. भाजी कितीही ताजी असो, नीट धुतलेल्या पालकात किंवा मेथीत बी-१२ जवळजवळ नसतंच.

मेंदूत त्याची मुख्य कामं दोन. चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं मेदाचं वेष्टण असतं, त्यामुळे संदेश वेगाने आणि न गळता जातात. हे वेष्टण शाबूत ठेवायला बी-१२ लागतं. दुसरं काम रासायनिक आहे. होमोसिस्टीन या त्रासदायक पदार्थाचं मेथिओनिन या उपयोगी पदार्थात रूपांतर करताना बी-१२ आणि फोलेट हातात हात घालून काम करतात, आणि या मेथिओनिनपासून पुढे जे रसायन बनतं ते मेंदूतल्या अनेक संदेशवाहकांच्या घडणीत खर्ची पडतं. बी-१२ कमी झालं की होमोसिस्टीन साचतं, वेष्टण विरळ होतं. सुरुवातीला तळपायाला मुंग्या, जिभेची आग, लवकर दमणं. मग नावं न आठवणं, चिडचिड, उदासी. क्वचित भास होण्यापर्यंतही मजल जाते. वयस्कर माणसाच्या बाबतीत घरचे म्हणतात, "वय झालं, विसरायचंच." रक्त कुणी तपासत नाही.

डॉ. याज्ञिक यांच्या याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या काही चाचण्या झाल्या. एक चाचणी अगदी साधी आहे: परीक्षकाने 'सात, दोन, नऊ' म्हणायचं, मुलाने उलट 'नऊ, दोन, सात' सांगायचं, मग आकडे वाढवत न्यायचे. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ अगदी कमी होतं, ती मुलं या चाचणीत आणि लक्ष टिकवण्याच्या दुसऱ्या एका चाचणीत मागे पडली. सर्वसाधारण बुद्धिमत्तेत मात्र फरक दिसला नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे. मूल 'ढ' नव्हतं, त्याला आकडे मनात धरून ठेवणं जड जात होतं.

या कथेतला फोलेटचा धागा तर थेट मुंबईला जाऊन मिळतो. इंग्रज डॉक्टर लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेच्या आधाराने अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कातलं काहीतरी तो आजार बरा करतं, हे १९३१ मध्ये मांडलं. ते 'काहीतरी' म्हणजेच फोलेट. एक सावधगिरी मात्र इथे हवी. बी-१२ कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि चेतातंतूंचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा.

चौकट : बी-१२ आपल्या भागात कुठे मिळतं?
प्रौढाची रोजची गरज अगदी थोडी, दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. आगरी-कोळी घरांतला जवळा, सुकट, सुके बोंबील हे यासाठी स्वस्त आणि चांगले स्रोत आहेत. ताजी मासळी, अंडी आणि मटणातही ते आहे. कलेजीत सर्वांत जास्त. शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक, पनीर. पण पेलाभर दुधातून मिळतं जेमतेम मायक्रोग्रॅमभर, आणि चहात पडतं ते घोटभर दूध हिशेबात धरू नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ चं शोषण घटतं. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना तपासणीविषयी विचारा. यकृतात याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता हळूहळू आणि नकळत येते.

लोहाची कमतरता बी-१२ इतकी छुपी नसते, तरी दुर्लक्षित राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह रक्तातल्या प्राणवायूसाठी लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. उत्साह आणि एकाग्रतेशी जोडलेलं डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागतं, हे कमी लोकांना माहीत असतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, पानात लिंबाची फोड असावी. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जूनमध्ये आदिवासी बायकांच्या पाटीतलं ते टपोरं फळ जरूर घ्यावं, पण चवीसाठी. लोहासाठी कडधान्यं, पालेभाज्या, मासळी आणि मटण यांच्याकडेच वळायला हवं.

उल्हासनगरची कढी आणि आठवण

आतापर्यंत इंधनाविषयी आणि कच्च्या मालाविषयी बोललो. मनाचं अन्नाशी आणखी एक नातं आहे आणि ते पाहायला उल्हासनगरपेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभ्या राहिल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. कॅम्प एक ते पाच ही नावं मात्र रिक्षावाल्याच्या तोंडी आजही आहेत. सिंधी माणसाचं घर गेलं, शेत गेलं, आराध्य दैवत झुलेलालची सिंधू नदी मागे राहिली. पुढच्या पिढ्यांमध्ये अनेक घरांत बोलणंही हिंदीकडे झुकलं. स्वयंपाकघर मात्र टिकलं. सकाळी डाळ-पकवान, पाहुण्यापुढे आधी पाणी आणि पापड, बाजारात कमळकाकडी, थदडीच्या सणाला चूल न पेटवता आदल्या दिवशी केलेले गोड लोले आणि कोकी.

मराठी माणूस पहिल्यांदा सिंधी कढी खातो तेव्हा चकित होतो, कारण तिच्यात दही नसतं. तेलात मेथीदाण्याची फोडणी करून बेसन खमंग, तांबूस होईपर्यंत भाजायचं, पाणी घालून उकळायचं, चिंच किंवा कोकमाचा आंबटपणा द्यायचा आणि शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, बटाटा त्यात सोडायचा. बेसन भाजलं जात असतानाचा तो वास आणि आजीची आठवण या दोन गोष्टी कॅम्पातल्या अनेकांच्या मनात एकमेकींपासून सुटत नाहीत. असं का व्हावं?

दिसणं, ऐकणं, स्पर्श या संवेदना आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातात आणि तिथून पुढे वाटल्या जातात. वासाचा मार्ग वेगळा आहे. नाकाच्या छतातून निघालेले तंतू वासाच्या गाठीत पोचतात आणि तिथून संदेश थॅलॅमसला वगळून भावनांशी संबंधित अमिग्डालापर्यंत आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यापर्यंत जातात. म्हणून वास ओळखीचा आहे हे कळायच्या आधीच मन हलतं. आपण ज्याला चव म्हणतो तिचाही मोठा भाग वासाचाच असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकात चढतो. कोविडमध्ये वास गेलेल्यांनी सांगितलं होतं, की जेवणातली गोडीच गेली, आणि त्यातल्या अनेकांना उदासीनेही घेरलं.

आवडीची मुळं जन्माच्याही आधीची असतात. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा जास्त आवडीने खाल्ली. आईच्या ताटातले स्वाद गर्भजलात आणि नंतर दुधात उतरतात. सिंधू नदी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या मुलाला ही कढी 'आपली' वाटते, यात या सुरुवातीच्या ओळखीचाही हात असणार, असं मी मानतो. घर सुटलेल्या माणसाला ओळखीचा घास जो धीर देतो, त्याला भावुकता म्हणून झटकून टाकू नये. नोकरीसाठी विदर्भ-मराठवाड्यातून अंबरनाथच्या एमआयडीसीत आलेल्या एकट्या पोराला गावाकडच्या ठेच्याची बाटली का हवी असते, याचंही उत्तर हेच.

आतड्यातून येणारे निरोप

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. त्यांना मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस या चेतेतले सुमारे ऐंशी टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे, संदेश नेतात. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो आणि जुनाट बद्धकोष्ठाने मन खट्टू होतं, ही दोन्ही याच मार्गाची कामं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यातच बनतं. पण ते मेंदूत शिरू शकत नाही, हे मात्र जाहिरातींत सांगितलं जात नाही. आतड्यातले जिवाणू मनावर परिणाम करतात याचे चांगले पुरावे उंदरांमध्ये आहेत. आयर्लंडमधल्या २०११ च्या प्रयोगात एका जिवाणूमुळे उंदरांची भीती कमी झाली आणि व्हेगस कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. माणसांविषयी इतक्या ठामपणे बोलण्याची वेळ अजून आलेली नाही. तोवर 'मनासाठी प्रोबायोटिक' म्हणून महागड्या पुड्या घेण्यापेक्षा घरचं ताक प्यावं आणि जिवाणूंना आवडणारे तंतू ज्यांत भरपूर असतात ती नाचणीची भाकरी, मोडाची उसळ, पालक-चुका-चणाडाळीची सिंधी साईभाजी पानात घ्यावी.

आहाराने नैराश्य बरं होतं का, याचीही परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ६७ नैराश्यग्रस्तांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञाने डाळी, भाज्या, अख्खी धान्यं, मासळी, सुकामेवा यांकडे वळवलं. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ गप्पांची सोबत दिली. पहिल्या गटात ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यात ८ टक्के. आकडे उत्साह वाढवणारे आहेत. पण लोक थोडे होते, आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन आधीपासून चालू होतं. म्हणून आहार उपचाराच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी घेऊ नये.

तेव्हा गाडी पकडण्याआधी मूठभर चणे-शेंगदाणे खा. शाकाहारी असाल, साठीच्या पुढे असाल, मेटफॉर्मिन घेत असाल किंवा घरात गरोदर स्त्री असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बी-१२ आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीचा विषय काढा. आणि पोटभर खाऊन, पुरेसं झोपूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर ताटात उत्तर शोधत बसू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.